बशीवर पालथा कप

१

सकाळचा पहिला चहा मी करतो. गाव सोडून अकोल्याला पोराकडं राहायला आलो तेव्हापासून हे काम माझ्याकडं आहे. एकदा घर उठलं की संघपालची ऑफिसची घाई, सून संध्या तिच्या शाळेच्या मागं, नात दीक्षा बाथरूमच्या दारावर थापा मारत. मग ओट्यापाशी म्हाताऱ्याला उभं राहायला जागा नसते. म्हणून मी आधीच उठतो. आलं ठेचतो, दोन कप गाळतो आणि भागीरथाच्या खोलीत जातो.

भागीरथा माझी घरवाली. खुबा मोडल्यापासून तिचं चालणं संपलं. तिला उठवून बसवायचं, पाठीला उशी द्यायची, तोंडावरचे केस मागं सारायचे, मग कप हातात द्यायचा. हात कापतात, पण दुसऱ्यानं धरलेल्या कपातून ती पीत नाही.

आणि चहा ती कधी पूर्ण पीत नाही. शेवटचा घोट माझ्यासाठी ठेवते. लग्न झालं तेव्हा घरात आम्हा दोघांत एकच कप व्हायचा, तेव्हाची ही सवय. पुढं दिवस बरे आले, कप दोन झाले, तरी तिचा तो घोट सुटला नाही. पोरं हसायची. मी नको म्हटलं की ती म्हणायची, "प्या ना अवो. माह्या उष्ट्यानं काही मरत नाही तुमी."

त्या दिवशी मी कप देऊन खिडकी उघडायला गेलो. ऊन यायच्या आत थोडी हवा खोलीत घ्यावी म्हणून. वळून पाहिलं तर कप रिकामा होता, आणि बशीवर पालथा घातलेला होता.

मी कप उचलला. बशीत तपकिरी गोल उमटला होता. घोट नव्हता.

आता एवढ्या गोष्टीचं काय, असं कुणीही म्हणेल. पण आमच्या घरात पालथा कप साधा नव्हता. माझी माय, गुंफाबाई, नांदगाव खंडेश्वरकडच्या आमच्या गावात दुसऱ्यांच्या शेतात निंदायला-खुरपायला जायची. मालकाच्या अंगणात आमच्या लोकांचे कप वेगळे असत. चहा प्यायचा, कप आपणच धुवायचा आणि कोनाड्यात पालथा घालून निघायचं. हाताला तेच वळण लागलं. घरीसुद्धा माय कप पालथाच घालायची. बाप म्हणायचा, आपल्या घरी कोण पाहून राहिलं तुले? ती कसनुशी हसायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

भागीरथानं ते पाहिलं होतं. ती नवी सून असताना एकदा भर अंगणात म्हणाली होती, मी कोणाच्याच घरी कप पालथा घालणार नाही. आणि जन्मभर घातला नाही. कुणाकडं पाहुणी गेली तर मुद्दाम सुलटा ठेवून उठायची, बशीचा आवाज करून.

मी तो कप धुतला आणि सुलटा ठेवला.

२

भागीरथाच्या खाटेसमोरच्या भिंतीवर मायचा फोटो आहे. तो कसा निघाला ते सांगितलं पाहिजे.

माय वारली माझ्या लग्नाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, तापानं. ती जिवंत असताना तिचा फोटो कुणी काढलाच नाही. मेल्यावर माझा बाप सूर्यभान ओट्यावर बसून राहायचा. म्हणायचा, "तिचं तोंड माह्या ध्यानातून चाललं." तेव्हा कुणीतरी त्याला अमरावतीच्या एका फोटोवाल्याचं सांगितलं. मेलेल्या माणसाच्या चेहऱ्याचं कुणी आणून बसवलं तर बाकीचं तो हातानं जमवून देतो म्हणे. त्याचं नाव कुंदन.

चेहऱ्याचं माणूस घरातच होतं. भागीरथा माझ्या सख्ख्या मामाची पोरगी, म्हणजे मायची भाची. मामाची पोरगी करायची ही आमच्यातली जुनी रीत. तेच कपाळ, तेच नाक, हसताना डावा गाल तसाच आत जाणारा. बाप म्हणाला, सूनबाई, तूच बस.

मायचं नऊवारी लुगडं तिनं नेसलं. कुंदननं कानशिलांवर पीठ चोळून केस पांढरे केले. सुरकुत्या मागून पेन्सिलीनं काढतो म्हणाला. मग त्याला तिचं उजवं मनगट दिसलं. जत्रेत तिनं माझं नाव गोंदून घेतलं होतं. तो म्हणाला, "हे कसं चालन? सासूच्या हातावर पोराचं नाव?" आम्ही सगळे हसलो. बापही हसला, माय गेल्यावर पहिल्यांदा. कुंदन म्हणाला, त्याच्यावर रंगाचा हात मारून देतो.

तिला स्टुलावर बसवलं, हात गुडघ्यांवर. पण दाराशी मी उभा. मला पाहिलं की तिला हसू यायचं. शेवटी कुंदननं मला बाहेर काढलं. मी बाहेर गेलो तेव्हाच तो फोटो निघाला.

परतीच्या एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली होती. मी विचारलं तर म्हणाली, "मी तं उठून आली. पन मले वाटते, कोनीतरी तिथंच बसून राह्यलं." खोली बंद, दिव्यांचा उबारा, अंगावर मेलेल्या बाईचं लुगडं. कुणालाही तसं वाटलं असतं.

फोटो घरी आला तेव्हा बाप त्याच्यासमोर रडला. हीच म्हणाला, हीच. त्यानं चंदनाच्या सालींचा हार आणून घातला. शेजारची जमुनाबाई पाहायला आली होती, ती कुजबुजली की जित्या बाईच्या फोटोला हार घालू नये. बापानं तिला उडवून लावलं. म्हणाला, आम्ही घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले, आता हारात भूत कुठून आणू?

भागीरथा त्या वेळी हसली होती. दरवर्षी मायच्या पुण्यस्मरणाला फोटो पुसायचा आणि हार चढवायचा तिनंच. चढवताना म्हणायची, "पाहा बाप्पा, मीच मले हार घालून राह्यली."

३

कप पालथा पडायला लागला, तो रोजच.

मग ती मला मोत्या म्हणाली. मी तिच्या पायांना तेल लावत होतो. बायकोनं मला कधी नावानं हाक मारली नाही, संघपालचे बाबा किंवा नुसतं अवो. मोत्या म्हणणारी एकच होती, माय. मी तेल लावत राहिलो. ती म्हणाली, "मोत्या, शेळीले पाला टाकला का?"

संघपालनं डॉक्टरला विचारलं. डॉक्टर म्हणाले, हा विसरण्याचा आजार आहे. जवळचं पुसतं, लांबचं उजळतं. लहानपणी पाहिलेल्या माणसांसारखं माणूस वागायला लागतं. संघपालनं मला समजावलं. आई लहानपणापासून आजीच्या अंगाखांद्यावर खेळली, आत्याच ती तिची, मग आत्यासारखं बोलली तर नवल काय?

नवल काहीच नव्हतं. मला पटलं. मी शाळेत गेलो नाही, जन्म जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलण्यात गेला. पण बापानं एक शिकवलं होतं, भ्यायच्या आधी विचार करायचा. मी विचार केला. डॉक्टरचं बरोबर होतं.

एका दुपारी ती पदराच्या टोकाला थुंकी लावून मनगट घासत बसलेली दिसली. कातडी लाल झाली होती. मी हात धरला.

"काय करून राहिली?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. घाबरलेली नव्हती. नुसती कोड्यात पडल्यासारखी होती. "मोत्या," ती म्हणाली, "माह्या हातावर माह्या पोराचं नाव कोनं गोंदलं रे?"

तिला वाचता येत नाही. मला माझं नाव तेवढं ओळखता येतं, चित्र ओळखावं तसं. ते मनगटावर होतं, पण फिकं. म्हाताऱ्या कातडीवर गोंदण पसरतं, पुसट होतं. माझ्या चुलतीचंही झालं होतं.

४

उन्हाळा चढला. अकोल्याचा उन्हाळा म्हणजे दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं. कूलर दिवसभर घरघरायचा. त्याच्या हवेनं फोटोवरचा हार हलायचा आणि चंदनाच्या साली काचेवर घासायच्या. खर्र. खर्र. मी खालच्या चटईवर पडून ते ऐकायचो. सवय झाली होती.

एका दुपारी लाईन गेली. कूलर थांबला, पंखा थांबला. घाम फुटायच्या आधी जी शांतता होते, ती झाली.

खर्र. खर्र.

मी पडूनच पाहिलं. हार हलत नव्हता. आवाज काचेवरूनच येत होता. बाहेरून नाही, हाराखालून, काचेच्या आतून. उंदीर असेल, पाल असेल म्हणून मी उठून फोटो थोडा पुढं ओढला. मागं भिंत होती आणि जाळं होतं. आवाज थांबला. खाटेवर ती जागी होती. माझ्याकडं नाही, फोटोकडं पाहत होती. घरी आलेल्या बाईकडं पाहावं तशी, ही कधी जाईल अशी.

त्याच आठवड्यात दीक्षानं फोटो खाली काढला. पुण्यस्मरण जवळ आलं होतं, तर मोबाइलमध्ये घेऊन साफ करून मोठा काढून आणते म्हणाली. तिनं काच पुसली, खिडकीपाशी धरून फोटो काढला, आणि बोटांनी तो मोबाइलवर मोठा केला.

"आबाजी, ही पणजी म्हातारी कुठं आहे? माझ्याएवढी तर दिसते."

मी चष्मा लावला. कपाळावर एक रेघ नव्हती. कानशिलं काळी होती. डावा गाल किंचित आत गेला होता. हसू दाबून धरलं की जातो तसा.

संध्या हात पुसत आली. ती समजूतदार बाई आहे. म्हणाली, "मामाजी, पेन्सिलीचं काम होतं ना थे? समोरच्या खिडकीतून ऊन पडते, उडून गेलं असन." पेन्सिल उडते. पीठ तर फोटोच्या आधीच चोळलं होतं, तरी मी मान हलवली.

दीक्षानं अजून मोठं केलं. "आणि हे पाहा. पणजीच्या हातावर तुमचं नाव!"

रंगाचा हातही उडाला होता.

मी खाटेकडं पाहिलं. ती पदरात मनगट झाकून बसली होती.

५

संध्याकाळी संघपालशी बोललो. म्हटलं, यंदा फोटोला हार नको.

त्यानं कारण विचारलं. मी सांगितलं जसं सांगता आलं तसं. की फोटो तुझ्या आजीचा नाही, तुझ्या आईचा आहे. जिवंत माणसाच्या फोटोवर आपण जन्मभर हार ठेवला. तो ऐकत राहिला. चांगला पोरगा आहे, बापावर आवाज चढवत नाही. मग म्हणाला, "बाबा, असं काही नसते, हे तुमीच शिकवलं ना आमाले?"

"हो बापा," मी म्हटलं. "मीच शिकवलं."

मला वाद जिंकायचा नव्हता. मला भागीरथा पाहिजे होती, तिचा तो एक घोट. दुसऱ्या दिवशी सगळे कामाला गेल्यावर मी स्टुलावर चढून हार काढला. गुडघे कुरकुरले. हार जुन्या कपड्यांच्या लोखंडी पेटीत, तळाशी घातला. कुलूप लावलं, किल्ली बंडीच्या खिशात.

पुढच्या सकाळी चहा नेला. ती आपण होऊन कुशीवर वळली आणि म्हणाली, "आलं जास्त झालं अवो आज."

मी तिला उठवून बसवलं, कप हातात दिला.

मी बसलो. ती प्यायली. कप माझ्याकडं सरकवला. सुलटा, तळाशी घोट. मी तो प्यायलो. मग ती गळ्यावरून हात फिरवू लागली, दोन्ही बाजूंनी, हळूहळू. कातडीवर बारीक ओरखडे होते, जुने असावेत तसे.

"लय काचत होतं मानेले," ती म्हणाली.

रात्री संध्या तिला कूलरच्या हवेसाठी रुमाल गुंडाळते. रुमालानं काचलं असेल. मी तेच म्हणालो. ती माझ्याकडं पाहून म्हणाली, "आता नोका पाठवू मले तिकडं."

मी म्हटलं, नाही पाठवत.

६

हार पेटीत होता तेवढे दिवस घर बरं होतं. ती दीक्षाची चेष्टा करायची, संध्याच्या भाजीला मीठ कमी म्हणायची. संघपाल म्हणाला, गोळ्या लागू पडल्या. पडल्या असतील. मी रोज पेटीचं कुलूप ओढून पाहायचो.

पुण्यस्मरणाच्या सकाळी जवळचे चार नातेवाईक यायचे होते. संघपाल आणि मी भंतेजींना आणायला विहारात गेलो. येताना मेणबत्त्या घेतल्या, सुटी फुलं घेतली. हार घेतला नाही. संघपालनं माझं ऐकलं होतं.

घरी आलो तर ओट्यावर कुकर वाजत होता. मी सरळ खोलीत गेलो.

फोटोवर चंदनाचा हार होता.

संध्या दारात आली. माझ्या तोंडाकडं पाहून म्हणाली, "तुमीच घातला ना मामाजी? मी तं सकाळपासून स्वयंपाकातच आहो. दीक्षा क्लासले गेली." मी हो म्हटलं. दारात माणसं आली होती, भंतेजी पाय धूत होते. पेटी जागेवर होती, कुलूप उघडं लोंबत होतं. कुलूप जुनं आहे. झटका दिला तरी उघडतं.

पण फोटोचा खिळा उंच आहे. मला स्टूल लागतं. आणि स्टूल बाहेर गॅलरीत होतं, त्यावर कुंडी.

वंदना सुरू झाली. सगळ्यांची तोंडं फोटोकडं होती. मी एकटा खाटेकडं तोंड करून उभा होतो. ती उशीला टेकली नव्हती. ताठ बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर. हात कापत नव्हते. उजवं मनगट वर होतं, आणि त्यावर उन्हानं रापलेल्या कातडीशिवाय काही नव्हतं. माझे डोळे अधू आहेत. मी जवळ जाऊन पाहिलं नाही.

मी फोटोकडंही पाहिलं नाही. पाठीमागून, सगळ्यांच्या आवाजाखालून, खर्र खर्र येत होतं. कूलर लावलेला होता. हवेनं हार घासतो.

वंदना संपली. माणसं जेवायला बसली. तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं, गालावरून पालथा हात फिरवला.

"मोत्या, भाकर खाल्ली का रे बापा? किती वाळला."

खोटं कशाला बोलू? इतक्या वर्षांनी तसं कुणी विचारलं की बरं वाटतं. म्हातारा झालो तरी मायपुढं मी पोरच. तिला मी कधी उलटून बोललो नाही, तेव्हाही नाही. मी म्हटलं, खातो माय.

"अन् थो हार काढू नोको. चांगला दिसते."

७

त्यानंतरही मी तो काढला होता. काढला की दुसऱ्या दिवशी पुन्हा असतो. कोण घालतं, हे विचारायचं मी सोडलं. संध्याला वाटतं मीच घालतो, मीच काढतो. तिनं संघपालला हळूच सांगितलं की मामाजींनाही आता डॉक्टरला दाखवू. मी ऐकलं. दाखवू दे. थकलो आहे मी. फोटो फोडावा, जाळावा, असंही मनात आलं. पण भागीरथा आतच असली तर?

आता मी तीन कप चहा करतो.

एक मायला. तिला उशी लागत नाही आता. ती फुंकर मारून पिते, पूर्ण पिते, आणि बशीवर कप पालथा घालते. मी म्हणतो, आपल्याच घरी आहेस माय, सुलटा ठेव. ती कसनुशी हसते. एक माझा. तिसरा फोटोखालच्या फळीवर ठेवतो. फोटोकडं न पाहता, घे वो म्हणत. मग पाण्याचा माठ भरायला जातो, मुद्दाम वेळ लावतो. माठ भरला की पुसतो, फडकं वाळत घालतो.

"कोनासंगं बोलून राह्यला रे मोत्या?" आतून आवाज येतो.

"कोनासंगं नाही माय."

परत येतो तेव्हा फळीवरचा कप सुलटा असतो. तळाशी एक घोट असतो. संघपाल म्हणाला होता, कूलरच्या वाऱ्यानं चहा आटतो. आटत असेल. पण कूलर कधीच गच्चीवर गेला, आता हिवाळा लागला आहे. खोलीत स्वेटर घालून बसावं लागतं. एवढ्या वेळात चहा गार पडायला पाहिजे.

तो घोट मी उभ्यानं पितो.

कोमट असतो.